खेळाडू मुलांचा कॉलेजमधला अभ्यास: ॲथलेटिक ॲडव्हायझरचं किती ऐकायचं?

सरोवर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, पण गेले चार दिवस डोक्यात दुसरं काहीच नाही.

मुलगी या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या डिव्हिजन वनच्या (कॉलेजच्या खेळांतली सगळ्यात वरची श्रेणी) एका विद्यापीठात गेली. पोहते, २०० आणि ४०० यार्ड मेडली. अर्धी स्कॉलरशिप आहे. बायोकेमिस्ट्री करायचं आणि पुढे मेडिकलला जायचं, हे तिचं शाळेपासून ठरलेलं. पहाटे साडेपाचला पाण्यात, मग क्लास, दुपारी दोन ते साडेचार पुन्हा पाण्यात, रात्री स्टडी हॉल. फ्रेशमन (पहिल्या वर्षाची) म्हणून आठवड्याला आठ तास स्टडी हॉल सक्तीचा, कार्ड स्वाइप करून. इथपर्यंत सगळं नीट चाललं होतं. केमिस्ट्रीच्या पहिल्या मिडटर्मला ८१ मिळाले तर पोरगी खूश होती.

मंगळवारी स्प्रिंगचे (जानेवारीपासूनच्या सेमिस्टरचे) विषय ठरवायला ती ॲथलेटिक विभागातल्या ॲकॅडमिक ॲडव्हायझरकडे गेली. त्यांनी वेळापत्रक उघडून दाखवलं की केमिस्ट्रीची पुढची लॅब दुपारी दीड ते सव्वाचार आहे. प्रॅक्टिसशी जमत नाही, तर यंदा लॅब राहू दे, किनीसिऑलॉजीचे (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) दोन विषय घे, मेजर (पदवीचा मुख्य विषय) काय, पुढेही बदलता येतं. बाई प्रेमळ आहेत, मुलीची सगळी नीट चौकशी करतात, त्यामुळे तिला तिथे काही बोलता आलं नाही. रात्री साडेदहाला फोन आला. "आई, मी काय शिकायचं ते प्रॅक्टिसच्या वेळेवरून ठरवायचं का?" मला उत्तर सुचलं नाही.

मी ॲडव्हायझरना ईमेल केली. दोन ओळींचं उत्तर आलं की विद्यार्थिनीच्या लेखी परवानगीशिवाय काही सांगता येणार नाही.

हे ॲडव्हायझर लोक नक्की कोणाचे? विद्यापीठाचे, कोचचे, की मुलांचे? आणि "पुढे बदलता येतं" हे खरं आहे का? नोंदणी पुढच्या आठवड्यात आहे.

---

मृद्गंध

वाचतेय. भाच्याचं पुढच्या वर्षी हेच होणार आहे.

---

रात्रपाळी

सरोवर, मी पीएचडी करत असताना तीन वर्षं एका मोठ्या विद्यापीठाच्या ॲथलेटिक विभागात स्टॅटिस्टिक्सची ट्यूटर होते. संध्याकाळी सहा ते दहा. त्यामुळे आतून पाहिलेलं सांगते.

आधी रचना. एनसीएए म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम करणारी संस्था, तिचा नियमच आहे की डिव्हिजन वनच्या विद्यापीठांनी सगळ्या खेळाडूंना अभ्यासाचं मार्गदर्शन आणि ट्यूटरिंग उपलब्ध करून द्यायला हवं. फक्त फुटबॉल-बास्केटबॉलवाल्यांना नाही, पोहणारे, धावणारे, नेमबाज, सगळ्यांना. म्हणून प्रत्येक संघाला एक ॲडव्हायझर नेमून दिलेला असतो. त्याशिवाय लर्निंग स्पेशलिस्ट असतात. डिस्लेक्सिया, एडीएचडी असलेली किंवा शाळेत वाचन कच्चं राहिलेली मुलं त्यांच्याकडे जातात. मग आमच्यासारखे ट्यूटर. आणि काही ठिकाणी क्लास चेकर, म्हणजे मुलगा वर्गात बसलाय का हे दारातून बघून जाणारा माणूस.

ट्यूटरवर बंधनं कडक होती. दर वर्षी कागदावर सही. मुलाच्या लॅपटॉपच्या कीबोर्डला हात लावायचा नाही, त्याच्या निबंधात स्वतःच्या हाताने एक शब्द लिहायचा नाही, त्याला गाडीतून सोडायचं नाही, कॉफीसुद्धा पाजायची नाही. प्रत्येक तासानंतर काय शिकवलं याची नोंद. सुरुवातीला मला हे जाचक वाटायचं. नंतर कळलं की ही बंधनं मुलांच्याच भल्याची आहेत, कारण रात्री नऊला थकलेल्या पोराची केविलवाणी नजर बघून "दे इकडे, मी करते" असं तोंडात येतंच.

एक मुलगी आठवते, व्हॉलीबॉलची. उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी, पेन्सिल तिने तिसऱ्या बोटाला चिकटपट्टीने बांधून आणली होती, आणि गुडघ्यावर बर्फाची पिशवी. स्टँडर्ड डेव्हिएशन तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. मी तिच्याच मागच्या दहा सामन्यांतल्या सर्व्हिसचे आकडे मांडायला लावले. सरासरी काढली, मग प्रत्येक सामना सरासरीपासून किती लांब ते काढलं. पाचव्या सामन्याशी ती थांबली आणि म्हणाली, "म्हणजे मी वाईट नाहीये, मी अनियमित आहे." त्या रात्रीनंतर तिला तो विषय शिकवावा लागला नाही, ती मला सांगत बसायची.

म्हणून पहिलं सांगणं हे की ही सेवा खरी असते, चांगली असते, आणि तुमच्या मुलीने ती पुरेपूर वापरावी. केमिस्ट्रीचा ट्यूटर आजच मागून घे म्हणावं. नापास व्हायची वाट बघायची नसते.

तुमच्या दोन प्रश्नांवर रात्री सविस्तर लिहिते.

---

अनवट

आमचा मुलगा डिव्हिजन थ्रीमध्ये क्रॉस कंट्री पळतो. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नसते आणि खेळाडूंसाठी वेगळं अभ्यासकेंद्रही नाही, सगळ्यांचं जे रायटिंग सेंटर तेच यांचं. पण लॅबच्या दिवशी तो प्रॅक्टिसला जात नाही, एकटा संध्याकाळी पळून येतो. कोचनेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. अर्थात पोहण्याला तलावाची वेळ असते, तिथे हे जमेलच असं नाही.

---

रात्रपाळी

आलेच. हा भाग नीट वाचा, कारण तुमच्या मुलीचं पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

ॲडव्हायझरचा पगार बहुतेक ठिकाणी ॲथलेटिक विभागातून येतो, काही विद्यापीठांत मुद्दाम प्रोव्होस्टच्या (विद्यापीठाचा शैक्षणिक प्रमुख) कार्यालयाकडे ठेवलेला असतो. तुमच्याकडे कुठून येतो ते वेबसाइटवरच्या विभागाच्या तक्त्यात दिसेल. पण पगार कुठूनही येवो, त्या बाईंच्या टेबलावर एक तक्ता असतो आणि तो तक्ता पात्रतेचा असतो. खेळायचं तर सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट्सची (प्रत्येक विषयाला ठरलेलं वजन) नोंदणी हवी. प्रत्येक सेमिस्टरला किमान ६ क्रेडिट्स पास. पहिल्या वर्षाअखेर २४. दर वर्षी फॉल (ऑगस्टपासूनचं सेमिस्टर) आणि स्प्रिंग मिळून १८. जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला १.८, तिसऱ्याच्या १.९, मग २.०, म्हणजे विद्यापीठाची पदवीची अट २.० असेल तर.

वर संघाचा एपीआर, म्हणजे अभ्यासातल्या प्रगतीचा आकडा असतो. स्कॉलरशिपवरच्या प्रत्येक खेळाडूमागे दर सेमिस्टरला दोन गुण: एक पात्र राहिल्याचा, एक कॉलेजात टिकल्याचा. संघाचा चार वर्षांचा आकडा हजारपैकी ९३० च्या खाली गेला तर हंगामाअखेरच्या स्पर्धांना बंदी. हे नुसतं कागदावर नाही. कनेटिकट विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाला २०१३ मध्ये याच कारणाने बाहेर बसावं लागलं, आणि पुढच्याच वर्षी तोच संघ राष्ट्रीय विजेता झाला.

आता ॲडव्हायझरच्या खुर्चीत बसून बघा. पन्नास-साठ मुलं, प्रत्येकाची क्रेडिट्स मोजायची, एक जरी अपात्र ठरला तर कोचचा फोन. सल्ला आपोआप सोप्या विषयाकडे झुकतो. त्यात दुष्टावा नसतो. पण १.८ वर पात्र राहिलेली मुलगी मेडिकलला जात नाही. तुमच्या मुलीला जे हवंय ते त्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात नाही.

आता "पुढे बदलता येतं". नियम ४०-६०-८० चा आहे. दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण, तिसऱ्याअखेर ६०, चौथ्याअखेर ८०. आणि तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मेजर जाहीर करावं लागतं, त्यानंतर टक्के मोजताना त्या मेजरला लागू होणारी क्रेडिट्सच धरतात. किनीसिऑलॉजीच्या विषयांवर दोन वर्षं काढली आणि मग बायोकेमिस्ट्रीत आली, तर आधीच्या कितीतरी क्रेडिट्सचा उपयोग शून्य. टक्का घसरतो आणि ती पाण्यात उतरू शकत नाही. उलट बायोकेमिस्ट्रीतून किनीसिऑलॉजीत यायचं तर जीवशास्त्र, रसायन, गणित बरंचसं कामी येतं. अवघडाकडून सोप्याकडे वाट आहे, सोप्याकडून अवघडाकडे जवळजवळ नाही. केमिस्ट्रीची साखळीसुद्धा एका सेमिस्टरने मागे पडली की पुढची ऑरगॅनिक केमिस्ट्री वर्षभर मागे जाते, कारण पुष्कळ ठिकाणी पहिला भाग फक्त फॉलमध्ये असतो.

माझ्याकडे एक धावपटू यायचा. तिसऱ्या वर्षी त्याला कळलं की त्याला इंजिनिअर व्हायचं होतं. तो ते कळवळून सांगत होता आणि मी त्याला मल्टिपल रिग्रेशन शिकवत होते, याचं मला अजून वाईट वाटतं.

---

सरोवर

रात्रपाळी, दोनदा वाचलं. ४० टक्क्यांचं आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. हिला पाठवते आहे.

---

खडूफळा

मी एका सार्वजनिक विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवतो, दर वर्षी वर्गात पंधरा-वीस खेळाडू असतात. टेबलाच्या पलीकडून लिहितो.

पहिली गोष्ट, लॅबची वेळापत्रकं ॲथलेटिक विभागाला पूर्ण दिसत नाहीत. आमच्याकडे संध्याकाळची एक तुकडी असते, नोकरी करणाऱ्यांसाठी. ती ऑनलाइन यादीत शेवटी उघडते, आणि काही जागा विभाग स्वतःच्या परवानगीने देतो. ॲडव्हायझरला यादीत जे दिसलं ते त्यांनी सांगितलं. मुलीने रसायन विभागाच्या अंडरग्रॅज्युएट ॲडव्हायझरला भेटावं. ईमेल नको, प्रत्यक्ष जावं, हातात चार वर्षांच्या विषयांचा कागद घेऊन. तिला दोन ॲडव्हायझर आहेत हे फ्रेशमनना पटकन लक्षात येत नाही. पात्रतेचा प्रश्न असेल तर ॲथलेटिकवाल्यांना विचारायचं, पदवीचा असेल तर विभागाला.

खेळाडूंना नोंदणीची वेळ बहुतेक ठिकाणी इतरांच्या आधी मिळते. ती सवलत अशाच लॅबसाठी असते, ती वाया घालवू नये.

दुसरं, प्रवासाची पत्रं. सेमिस्टरच्या सुरुवातीला ॲथलेटिक विभाग प्रत्येक खेळाडूला पत्र देतो की अमुक तारखांना हा स्पर्धेला जाणार. काही मुलं ते पत्र माझ्या टेबलावर ठेवून निघून जातात. काही मुलं पत्रासोबत सिलॅबस आणतात, त्यावर तारखांना खुणा केलेल्या, आणि विचारतात, "ही क्विझ मी आधी देऊ की नंतर?" या दुसऱ्या मुलांसाठी मी शनिवारीसुद्धा येतो. परीक्षा प्रवासात द्यायची सोयही होते. बरोबर गेलेल्या ॲडव्हायझरच्या देखरेखीखाली हॉटेलच्या खोलीत बसून पेपर सोडवलेले विद्यार्थी माझ्याकडे आहेत.

खरं सांगायचं तर सुरुवातीची दोन-तीन वर्षं माझ्या मनात खेळाडूंबद्दल अढी होती. मग एक रोइंगची मुलगी ऑफिस अवर्सला यायला लागली. पहाटे नावेवरून थेट, केस ओले, हाताला फोड. प्रत्येक उदाहरण आधी स्वतः करून आणायची आणि जिथे अडलं तिथे समासात लाल रेघ. चौदा आठवड्यांत एकदाही "हे परीक्षेत येणार का" असं विचारलं नाही. माझी अढी तिने मोडली. काही सहकाऱ्यांची अजून आहे आणि त्याचा त्रास मुलांना होतो, हे मी मान्य करतो.

---

पडछाया

पण खडूफळा, ही केंद्रं मुलांना शिकवण्यापेक्षा पास करण्यासाठीच असतात हे उघड झालेलं आहे ना? नॉर्थ कॅरोलायनाचं चॅपल हिलचं विद्यापीठ विसरलात? १९९३ ते २०११, अठरा वर्षं नावापुरते वर्ग. हजेरी नाही, प्राध्यापक नाही, शेवटी एक निबंध, तोही एका कार्यालयीन कर्मचारी बाई तपासायच्या. २०१४ च्या चौकशी अहवालात ३,१०० विद्यार्थी निघाले, त्यांतले निम्म्याच्या जवळपास खेळाडू. आणि त्यांना तिथे पाठवणारे कोण, तर हेच ॲथलेटिक ॲकॅडमिक काउन्सेलर. २०१७ मध्ये एनसीएएने हात वर केले, की ते वर्ग इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते म्हणून आमच्या नियमांचा भंग सिद्ध होत नाही.

---

रात्रपाळी

पडछाया, विसरलेलं नाही. त्या अहवालानंतर आमच्या केंद्रात सगळ्यांची बैठक झाली आणि कोणी फारसं बोललं नाही. पण त्याच चॅपल हिलमध्ये या गोष्टी जाहीरपणे मांडणारी बाईसुद्धा त्याच केंद्रातली लर्निंग स्पेशलिस्ट होती. मुलांना वाचता येत नाही हे तिला दिसत होतं, कारण ती त्यांच्या शेजारी बसून वाचत होती. म्हणून मला ही केंद्रं बंद व्हावीत असं वाटत नाही. ती कोचपासून लांब असावीत आणि तिथे लर्निंग स्पेशलिस्ट जास्त असावेत असं वाटतं.

---

साधा_वकील

या विषयावर एक जुना खटला आहे, तो सरोवर यांच्या कामाचा आहे.

केव्हिन रॉस नावाचा बास्केटबॉल खेळाडू १९७८ मध्ये ओमाहाच्या क्रेटन विद्यापीठात आला. अभ्यासाची तयारी नाही हे विद्यापीठाला प्रवेशाच्या वेळीच माहीत होतं. चार वर्षांत त्याला पदवीसाठी लागणाऱ्या १२८ पैकी ९६ क्रेडिट्स मिळाली, त्यांत नेमबाजी आणि बास्केटबॉलचे सिद्धांत असले विषय. बाहेर पडला तेव्हा त्याचं वाचन सातवीच्या आणि एकूण भाषा चौथीच्या पातळीची होती. मग तो शिकागोच्या एका शाळेत लहान मुलांच्या वर्गात बसून शिकला.

त्याने विद्यापीठावर दावा लावला. १९९२ मध्ये सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. शिकवण्याचा दर्जा वाईट होता म्हणून नुकसानभरपाई मागता येणार नाही, कारण कोर्ट वर्गात बसून शिकवणं मोजू शकत नाही. पण "ट्यूटरची सोय देऊ" असं ठरावीक वचन दिलं असेल आणि ती सोय प्रत्यक्षात मिळूच दिली नसेल, तर तो करारभंग ठरू शकतो आणि त्यावर खटला चालू शकतो.

म्हणून रिक्रूटिंगच्या वेळी कोच जे बोलतात ("आमच्याकडे प्री-मेड मुलं पोहतात, लॅबचं आम्ही जमवतो") ते लेखी ठेवावं. भांडायला म्हणून नाही. भेट झाल्यावर मुलीने चार ओळींची ईमेल टाकायची, "आज आपलं असं असं बोलणं झालं." एवढ्याने समोरचा माणूससुद्धा जास्त विचार करून बोलतो.

आणि तुमच्या ईमेलला आलेलं उत्तर. १९७४ चा फेर्पा कायदा. मूल कॉलेजात गेलं की शैक्षणिक नोंदींचे हक्क आईवडिलांकडून मुलाकडे जातात, वय कितीही असो. मुलगी सही करून परवानगी देऊ शकते. ॲडव्हायझरनी उत्तर टाळलं नाही, कायदा पाळला.

---

सरोवर

धन्यवाद. मला ते उत्तर फार लागलं होतं, आता समजलं.

---

बेसलाईन

मी भारतातून एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर टेनिस खेळायला आलो होतो, डिव्हिजन वन. इथे कोणाची मुलं तशी येणार असतील तर हे लक्षात ठेवा.

स्प्रिंग म्हणजे टेनिसचा मुख्य हंगाम, गुरुवार ते रविवार बाहेर. म्हणून आमच्या ॲडव्हायझरने मला दोन ऑनलाइन विषय दिले, इतर सगळे घेतच होते. एफ-१ वर पूर्णवेळ म्हणजे १२ क्रेडिट्स, आणि त्यात ऑनलाइन फक्त एक विषय, ३ क्रेडिट्सपर्यंतच धरतात. माझी नोंदणी पात्रतेच्या हिशोबात १२ होती आणि व्हिसाच्या हिशोबात ९. ॲड-ड्रॉपची (विषय घ्यायची-सोडायची) मुदत संपायला तीन दिवस असताना इंटरनॅशनल ऑफिसमधल्या एका माणसाच्या लक्षात आलं. त्याने मला फोन केला तेव्हा मी दुसऱ्या राज्यात कोर्टवर होतो, बदलीच्या वेळी बाकावर बसून मिस्ड कॉल बघितले. एका प्राध्यापकाने भरलेल्या वर्गात जागा दिली म्हणून वाचलो.

ॲडव्हायझर मनाने वाईट नव्हता. त्याला माहीत नव्हतं. दोन कार्यालयं एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे मधे तुम्हीच बोलायचं. उन्हाळ्यात मात्र, पूर्णवेळ असायची अट नसते तेव्हा, ऑनलाइन विषय बिनधास्त घेता येतात. मी दोन उन्हाळ्यांत मिळून चार विषय तसेच काढले.

विषय सोडतानाही तेच. सेमिस्टरच्या मधे एक विषय सोडला आणि १२ च्या खाली आलात तर त्याच दिवशी खेळ बंद, आणि एफ-१ वर असाल तर व्हिसाही अडचणीत. कितीही नापास व्हायची भीती असली तरी आधी दोन्हीकडे विचारा.

बाकी वेळेचं म्हणाल तर २० तासांचा नियम लोक सांगतात, हंगामात दिवसाला ४ आणि आठवड्याला २०, एक दिवस सुटी. पण मोजणी बघा. सामना कितीही तास चालो, हिशोबात ३ तासच. बसचा प्रवास मोजत नाहीत, फिजिओकडचा वेळ नाही, "ऐच्छिक" सराव नाही, स्टडी हॉल तर नाहीच. माझा आठवडा खरा मोजला तर चाळिशीला टेकायचा. तुमच्या मुलीला सांगा, आपला आठवडा स्वतः एकदा कागदावर लिहून काढ. मी ते तिसऱ्या वर्षी केलं, आधी करायला हवं होतं.

---

मृद्गंध

ऑनलाइनवालं खूप महत्त्वाचं. भाचा एफ-१ वरच जाणार आहे, वहिनीला आत्ताच पाठवलं.

---

केवडा

आमच्याकडे वेगळा अनुभव. मुलगा सॉकर खेळतो. मागच्या सप्टेंबरमध्ये डोक्याला मार लागला, कन्कशन. मैदानावर कधी परतायचं याचे टप्पे असतात हे माहीत होतं, पण वर्गात परतण्याचेही टप्पे एनसीएएच्या नियमावलीत आहेत हे तेव्हा कळलं. त्याच्या लर्निंग स्पेशलिस्टने पहिल्या दिवशी सगळ्या प्राध्यापकांना कळवलं, स्क्रीन बघायची नाही म्हणून वाचनाचे उतारे मोठ्या अक्षरांत, फिक्या पिवळ्या कागदावर छापून दिले. आधी वीस मिनिटं, मग चाळीस. दोन मिडटर्म पुढे ढकलल्या. तो स्वतःहून हे कधीच मागू शकला नसता, त्या आठवड्यात त्याला वाक्यसुद्धा पूर्ण करता येत नव्हतं. त्या बाईंचं नाव घेतलं की मी अजून हात जोडते.

यंदा दुसराच ताण. २०२४ च्या ऑगस्टपासून पश्चिम किनाऱ्यावरची लॉस एंजेलिसची विद्यापीठं बिग टेन या स्पर्धागटात आली, स्टॅनफर्ड आणि बर्कली अटलांटिक कोस्ट या गटात. देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला तीन टाइम झोन ओलांडून जायचं आणि परत येऊन सकाळी परीक्षा. असल्या वेळापत्रकावर कितीही ट्यूटर ठेवले तरी झोप कुठून आणणार?

---

खडूफळा

केवडा, अगदी. आमच्या विद्यापीठातल्या फॅकल्टी ॲथलेटिक्स रिप्रेझेंटेटिव्हकडे मी हाच मुद्दा नेला. सरोवर, हे पद प्रत्येक एनसीएए विद्यापीठात असतंच: एक प्राध्यापक, ॲथलेटिक विभागाचा नोकर नसलेला, खेळाडूंच्या अभ्यासाच्या बाजूने बघणारा. लॅबचं कुठेच जमलं नाही तर तुमच्या मुलीने त्यांच्याकडे जावं. बहुतेक मुलांना हे पद आहे हेच माहीत नसतं.

---

सरोवर

मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय. काय झालं ते सांगते.

मुलीने हा सगळा धागा वाचला. (मराठी वाचायला तिला वेळ लागतो, दोन रात्री लागल्या, "अढी" म्हणजे काय ते विचारलं.) मग बेसलाईन यांनी सांगितलं तसं आठवडा कागदावर लिहून काढला. पोहणं, जिम, फिजिओ, स्टडी हॉल, जाणं-येणं, सगळं. ४३ तास, क्लास सोडून. तो कागद आणि चार वर्षांचा विषयांचा तक्ता घेऊन ती केमिस्ट्री विभागात गेली. खडूफळा म्हणाले तशी संध्याकाळची लॅब होती, बुधवारी साडेसहा ते सव्वानऊ. यादीत दिसत नव्हती. विभागाच्या ॲडव्हायझरने परवानगीचा कोड दिला आणि आधीच्या नोंदणीच्या दिवशी सकाळी सातला तिने जागा पकडली.

मग ती ॲथलेटिक ॲडव्हायझरकडे परत गेली. मला वाटलं होतं त्या नाराज होतील. त्यांनी ४० टक्क्यांचा हिशोब दोन्ही मेजरसाठी मांडून बघितला आणि म्हणाल्या, तू म्हणतेस ते बरोबर आहे, मी फक्त या सेमिस्टरचं बघत होते. बुधवारचा स्टडी हॉल माफ केला, लॅबचे तास त्यात धरले, आणि केमिस्ट्रीचा ट्यूटर सोमवारी लावून दिला. कोचनी गुरुवारची पहाटेची जिम साडेसातला नेली, तिच्यासारख्या आणखी दोघी निघाल्या म्हणे.

परवानगीच्या कागदावर मात्र ती सही करणार नाही म्हणाली. "आई, मी तुला रविवारी स्वतः सांगेन." मला एक दिवस वाईट वाटलं. आता रविवारी सांगते, मार्कांसकट.

---

रात्रपाळी

वाचून डोळे भरून आले. एकच व्यावहारिक गोष्ट. साडेचारला पाण्यातून बाहेर, साडेसहाला लॅब, सुटेपर्यंत सव्वानऊ. तोवर डायनिंग हॉल बंद झालेला असेल. पोहणारी मुलगी उपाशी लॅबमध्ये उभी राहिली तर ब्युरेटवरचा आकडा वाचता येणार नाही तिला. २०१४ पासून डिव्हिजन वनमध्ये खेळाडूंना जेवण आणि खाणं हवं तितकं द्यायची मुभा आहे. बुधवारचा डबा बांधून मिळेल का, हे तिने ॲथलेटिक विभागाच्या न्यूट्रिशनिस्टला आत्ताच विचारून ठेवावं.

---

सरोवर

हे लक्षातच आलं नव्हतं. आज रविवार आहे, फोन आला की सांगते.